बोटाखालची ओळ

वसई, ९ जानेवारी १९७८

चि. ह्युबर्ट व चि. सौ. सिसिलिया यांस,
ताईचे आशीर्वाद. जय ख्रिस्त. वि. वि.

परक्या मुलखात घाम गाळणाऱ्या माझ्या घरच्यांनो, आपल्या सगळ्यांच्या काळजात एकच सल आहे. आपल्या धाकट्या भावाचा, लान्सीचा उजवा हात तिकडे बहरीनला सित्राच्या वर्कशॉपमध्ये फोरमन चंद्रशेखरने हातोड्याने ठेचला, आणि ठेकेदाराने कागदावर अपघात लिहून त्याला विमानात बसवलं. माणसाचा हात ठेचायचा आणि तिकीट काढून दिल्याचा वर उपकार! रविवारी महिला मंडळात मी हेच बोलले. फादर खुर्चीत चुळबुळत होते. चुळबुळू देत.

लान्सी डाव्या हाताने जेवतो, सांडतो, मग ताट भिरकावतो. एकाच माणसाचं नाव निघालं की शांत होतो, ड्रायव्हर वलीचं. त्यानेच डोक्याचं फडकं सोडून हात बांधला, इस्पितळात नेलं आणि साऱ्या वर्कशॉपसमोर फोरमनच्या अंगावर धावून गेला.

तू ऑफिसातला माणूस. तक्रार कर, वलीची साक्ष काढ. आणि आई विचारते, संध्याकाळी घरात पवित्र शास्त्र वाचता ना? की पोरांची अजून इंग्रजीतच पोपटपंची?

माया आहेच, ती पत्रातून मापू नकोस.
तुझी आल्बिनाताई

मनामा, २ फेब्रुवारी १९७८

ती. ताईस,
सप्रेम जय ख्रिस्त. वि. वि.

तक्रार केली. कारकून हसला आणि मफी म्हणाला. म्हणजे काही नाही, काही होणार नाही.

मग मी आईची रीत धरली. रोझरी झाल्यावर डोळे मिटून शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. बोटाखाली काय, तर हाताबद्दल हात! इंग्रजीत कुजबुजणारी पोरंसुद्धा वाकून बघायला लागली. ताई, एवढ्या जाड पुस्तकात नेमकं तेच! देवाने याहून स्पष्ट काय बोलावं?

सोमवारी पहाटे कंपनीची बस यायच्या आधी चंद्रशेखर थांब्यावर एकटाच होता. मी तोंडाला रुमाल बांधून मागून गेलो. हातात लोखंडी पाइप. पहिल्या फटक्याला तो गुडघ्यांवर आला. दुसऱ्याने त्याचा उजवा हात भिंतीवर ठेचला. हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो आईला हाक मारत होता, आपल्याच मराठीत. मी आणखी दोनदा मारलं. खलास, हिशेब संपला. तो इस्पितळात आहे, जगेल. लान्सीला सांग, फेड झाली.

एकच अडचण आहे. पोलिसांनी वलीला धरलंय, कारण फोरमनशी भांडण त्याचं गाजलं होतं. इंशाल्ला, सुटेल. सिसिलियाला यातलं काही माहीत नाही. मी व्हिसावरचा माणूस, बायकोपोरं इथे. मी बोलून काय होणार?

आईला नमस्कार. रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा ह्युबर्ट

वसई, १४ फेब्रुवारी १९७८

ह्युबर्ट,

मायना लिहायला हात धजत नाही.

पत्र लान्सीला वाचून दाखवलं. चंद्रशेखरचा हात मोडल्याचं ऐकून तो हसला. खोटं कशाला सांगू, मीही हसले. मग वलीचं आलं. लान्सीने पत्र माझ्याकडून ओढलं, स्वतः वाचलं आणि तो ठेचलेला हात भिंतीवर आपटायला लागला. जखम उघडली. आई रक्त पुसत काय झालं विचारत होती. मी सगळं सांगितलं. ती रडली नाही. शास्त्र घेऊन ये म्हणाली.

म्हणे आईची रीत! तुला ती अर्धीच ठाऊक. बोट ठेवलं की तू चटईवर घोरायला लागायचास. पुढचं आम्हाला विचार. शेजाऱ्याच्या बकऱ्यांनी आपली केळी फस्त केली, त्या संध्याकाळी तिचं बोट कुठल्याशा राजाने केलेल्या कत्तलीवर पडलं. लान्सी कोयता घ्यायला उठला. आईने त्याला खाली बसवलं आणि तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला लावला, मग पुढचा, त्याच्या पुढचा, कालवण करपेपर्यंत. शेवटी त्या राजाच्याच घरात प्रेतं पडली होती. कोणी कोयत्याला हात लावला नाही. बोटाने फक्त पान सापडतं रे! वाचायचं सगळ्या घराने मिळून, कंटाळा येईपर्यंत.

तसंच आम्ही तिघांनी तुझं पान वाचलं. ती आज्ञा न्याय करणाऱ्यांना आहे. एका हाताबद्दल एकच हात, त्यापुढे पाऊल नाही, असं ती त्यांना बजावते. तोंड झाकून थांब्यावर दबा धरणाऱ्याला ती दिलेली नाही. आणि तू तर हात मोडल्यावरही मारत राहिलास! ज्याला पाइप लागतो तो देव नव्हे, तो दुसरा चंद्रशेखर.

लान्सी डाव्या हाताने पानं उलटत पुढे गेला आणि एका जागी थांबला. निरपराध्याचा घात करू नको, असं तिथे सांगितलंय. वाचून तो म्हणाला, माझ्या हाताच्या नावाने वलीला कुणी मारू नका.

तुझी नोकरी जाईल, तुरुंग होईल, मला कळतं. सिसिलिया आणि मुलं माझ्याकडे येतील, आतली खोली मी रिकामी केली आहे. तुझ्यावरचा जीव आटलेला नाही, म्हणून हे पत्र, वाटेत कुणी फोडू नये यासाठी, टपालात न टाकता आपल्या कॅरोलिन नर्सच्या हाती देते. उद्याच्या विमानाने ती तिकडे कामावर परतते आहे. पत्र वाच, सिसिलियाला सगळं सांग, आणि त्याच पावली पोलीस ठाण्यात जाऊन म्हण की वलीला सोडा, मारणारा मी आहे.

तुझी ताई