एझ्रा किम्ब्रोंच्या अंत्ययात्रेत माझी गाडी कशी शिरली

टॅलोवे काउंटी,
रविवार, जेवणानंतर

ती. ऑर्लिनमामांस,

टॅलमेजचा आदरपूर्वक नमस्कार (मधे तीन काउंट्या आणि एक नदी असल्यामुळे नुसती टोपी काढून समाधान मानतो). तुमचा गुडघा कसा आहे? ब्यूलामामींचा खोकला गेला का? गिरणीचा पट्टा पुन्हा तुटला नसेल अशी आशा आहे. इकडे आई खुशाल. बाबा माझ्याशी बोलत नाहीत, एवढं सोडलं तर तेही खुशाल. आणि मी म्हणाल तर असा खुशाल आहे की काल रात्री आरशात बघून मीच मला शाबासकी दिली. हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या पत्रांवरून तुमचा तसा समज झाला असेल तर तो काढून टाका आणि निवांत वाचा.

मी कॉलेज मधेच सोडल्याबद्दल तुम्ही आईला जे लिहिलंत ते तिनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं (दोनदा, दुसऱ्यांदा शेजारची बाई आली होती म्हणून). त्यातलं 'डोक्यात राख घालून घेणारं पोर' हे मला मान्य नाही. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मृदाशास्त्राच्या त्या प्राध्यापकानं भर वर्गात आपल्या काउंटीच्या लाल मातीचा नमुना चिमटीत धरला आणि ही फक्त विटा करायच्या लायकीची आहे असं म्हणाला. ज्या मातीत तुमचे आजोबा-पणजोबा निजलेत, तिला! मी शांतपणे उठलो, बरणीतली उरलेली माती त्याच्या टेबलावर ठेवली (त्यातली काही त्याच्या मांडीवर गेली, टेबल लहान होतं), आणि घरी आलो. यात राख कुठे आली?

पण सांगायचं ते वेगळंच आहे. डेल्फिया हेमफिल तुम्हाला आठवत असेल. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती. तिच्या वडिलांचं, क्लॉड हेमफिल यांचं अंत्यविधीचं दुकान आहे, आणि काउंटीत दुसरं नसल्यामुळे त्यांच्याशी सगळ्यांनाच जपून वागावं लागतं. या वसंतात मी त्यांच्याकडे रीतसर गेलो होतो, डेल्फियाला जत्रेला नेऊ का, एवढंच विचारायला. बोलता बोलता विषय कसा कोण जाणे बेसबॉलवर गेला आणि त्यांच्या पोर्चमधली जिरेनियमची कुंडी फुटली. (हात मी फक्त मुद्दा स्पष्ट करायला उचलला होता.) मिस्टर हेमफिल यांचा आवाज कधी चढत नाही. धंदाच तसा. ते फुटक्या कुंडीकडे बघत म्हणाले, "ज्याला तासभर गप्प राहता येत नाही, त्यानं माझ्या दारात येऊ नये." तेव्हापासून मी त्या दारात गेलो नाही. दारावरून मात्र जात होतो, रोज, गाडी पहिल्या गियरमध्ये टाकून.

आणि माझी जागा रिकामी बघून तिथे कोण घुसावं? रँडल क्विग! शेरीफच्या हाताखालचा तो डेप्युटी, ज्याच्या पॅंटची इस्त्री मोडू नये म्हणून तो खुर्चीतसुद्धा अर्धाच बसतो. दर आठवड्याला हा आपल्या आईनं केलेला केक घेऊन हेमफिल यांच्याकडे जाणार, हळू बोलणार, हळू चावणार. शनिवारी सकाळी न्हाव्याकडे मला कळलं की आज नारळाचा केक आहे, आणि आज तो मिस्टर हेमफिलना डेल्फियाबद्दल विचारणार आहे. माझी अर्धी दाढी झाली होती. उरलेली तशीच ठेवून मी गाडीत बसलो.

माझी गाडी तुम्ही पाहिलेली नाही. भंगारातून आणून मी स्वतः उभी केली आहे. इंजिन असं आहे की सुरू केलं की पलीकडच्या शेतातल्या गाई दूध द्यायच्या थांबतात. एकच बारीक दोष: एप्रिलपासून पुढचे दिवे बंद होत नाहीत. रात्रंदिवस जळतात. नदीकाठच्या कच्च्या रस्त्यावर मला क्विग पुढे दिसला. जरासाच पुढे. मी त्याला ओलांडलं तेव्हा त्याच्या गाडीची खिडकी उघडी होती आणि केक शेजारच्या सीटवर, वर झाकण नाही. मामा, आपली माती विटांखेरीज आणखी कशाच्या लायकीची आहे ते तेव्हा त्या प्राध्यापकानं बघायला हवं होतं. नारळाचा पांढराशुभ्र केक माझ्या चाकांच्या धुळीनं क्षणात लालभडक.

मग जे झालं त्याला लोक पाठलाग म्हणतात. मी म्हणेन, आम्ही दोघं एकाच दिशेनं घाईत होतो, फक्त त्याच्या गाडीवर भोंगा होता. फिचबाईंच्या परसातून जावं लागलं (रस्ता पुढे उगाच वळसा घेतो) आणि त्यांची वाळत घातलेली एक पांढरी चादर क्विगच्या गाडीवरच्या दिव्यावर बसली, ती शेवटपर्यंत निघाली नाही. ओढ्यावरचा पूल मागच्या पुरात गेलाय हे मला माहीत होतं. क्विगलाही माहीत होतं. म्हणूनच तो थांबला आणि मी थांबलो नाही. गाडी उडाली, मामा! बघणारे सांगतात की ती उतारावरून घसरत ओढ्यात गेली आणि चिखल उडवत पलीकडे चढली, पण बघणारे म्हणजे दोन म्हातारे आणि एक खेचर. आत मी होतो. चाकं काही वेळ कशालाही टेकत नव्हती, एवढं मी शपथेवर सांगतो.

क्विग वळसा घालून बाजाराच्या चौकात पुन्हा माझ्या मागे आला, आणि नेमकी समोरून मिस्टर हेमफिल यांची काळी शववाहिका आली. मागे दिवे लावलेल्या गाड्यांची रांग, चालत्या माणसाच्या गतीनं. आता आम्ही काही जनावरं नाही. मी गाडी कडेला घेतली, उतरलो, टोपी काढून छातीशी धरली. माझ्यामागे क्विगनं गाडी कडेला घेतली, भोंगा बंद केला, उतरला, त्यानंही टोपी छातीशी धरली. हातभर अंतरावर आम्ही दोघं मान खाली घालून उभे. "हे संपलं की तू संपलास," तो जमिनीकडे बघत म्हणाला. मीही जमिनीलाच सांगितलं की आधी केक धुऊन ये.

माझा बेत असा होता की शेवटची गाडी गेली की निसटायचं. पण रांगेतल्या एका गाडीतून थोरल्या पर्व्हिसकाकांनी माझ्या गाडीचे जळते दिवे पाहिले. भर दिवसा दिवे फक्त अंत्ययात्रेतल्या गाड्या लावतात, त्यामुळे त्यांना वाटलं, पोरगं यात्रेतलंच आहे, मागे पडलंय. त्यांनी त्यांची गाडी थांबवली, मागची सगळी रांग थांबली, आणि हात हलवून मला मधे बोलावलं. अशा वेळी नाही म्हणणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान (कोण मेलंय ते मला ठाऊक नव्हतं, पण अपमान तो अपमानच). मी रांगेत शिरलो. अंत्ययात्रेतली गाडी अडवायची आपल्याकडे शेरीफची काय, राज्यपालाची छाती नाही. क्विगला हे कळलं, तेव्हा त्यानं काय करावं? गाडीच्या टपावरचा लाल दिवा फिरवत तो माझ्यामागे रांगेत शिरला, वर फिचबाईंची चादर. बाजारातले लोक गहिवरले. एझ्रा किम्ब्रो गेले होते, खेचरांचे व्यापारी. डोंगरातल्या दारूच्या भट्टीपायी शेरीफच्या खात्यानं त्यांना जन्मभर आत-बाहेर केलेलं, आणि आज तेच खातं पांढरं निशाण लावून पोचवायला आलेलं पाहून फुटपाथवरच्या बायकांनी डोळे पुसले.

दफनभूमीत आणखी घोटाळा. किम्ब्रोंचे सगळे मित्र त्यांच्याच वयाचे. शवपेटी उचलायला दोन माणसं कमी पडली. एकाची कंबर धरली होती, दुसरा सकाळपासून मित्राच्या आठवणीत पीत बसलेला. मिस्टर हेमफिलनी गर्दीवरून नजर फिरवली आणि पांढऱ्या हातमोज्यातलं बोट दोन तरुण माणसांकडे केलं. एक मी. दुसरा क्विग, नेमका माझ्या मागच्या कडीला.

तिथून खड्ड्यापर्यंतची चाल मी जन्मात विसरणार नाही. पुढे मिस्टर हेमफिल, बाजूला फुलांचं चक्र घेऊन डेल्फिया, आणि माझ्या मानेवर क्विगचा श्वास. हलक्या आवाजात चालूच होतं त्याचं. आईनं पहाटेपासून नारळ किसलाय. कॉलेजनं हाकललं, आता काउंटी हाकलेल. अर्ध्या दाढीचा नवरदेव. इतर कुठल्याही दिवशी मी पेटी खाली ठेवून आधी त्याचा हिशेब केला असता. पण मला ते 'तासभर गप्प' आठवत होतं. सगळी काउंटी बघत होती, आणि डेल्फिया बघत होती. मी जीभ दातांत धरली. मामा, रक्त आलं.

"बोल की," मागून क्विग. "का तोंडातही माती गेली?"

मी पुढचं पाऊल टाकलं. खड्ड्यावर मिस्टर हेमफिलचा हिरवा तंबू होता. तिथे क्विगचा पिस्तुलाचा पट्टा तंबूच्या दोरीत अडकला, तो हिसका देऊन सोडवायला गेला, आणि तंबूचा खांब पाद्रीबुवांच्या डोक्यावर कलला. क्विगनं कडी सोडली. मी एका हातानं पेटीचा आमच्या बाजूचा भार धरला, दुसऱ्या हातानं खांब, आणि प्रार्थना संपेपर्यंत तसाच उभा राहिलो. खांद्यातून कळा येत होत्या. पाद्रीबुवांनी प्रार्थना लांबवली. तरी चकार शब्द नाही.

माती झाल्यावर क्विग हातकड्या काढून पुढे आला, तर मिस्टर हेमफिलनी त्याच्या हातावर नुसता हातमोजा ठेवला. म्हणाले, "रँडल, ज्यानं आज पेटी धरली त्याला आज नाही." आणि माझ्याकडे वळून, "हातात बळ, तोंडाला कुलूप. असा माणूस मी किती वर्षं शोधतोय. सोमवारपासून शववाहिका चालवशील?"

चर्चच्या तळघरात तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड आणि ॲपल पाय खात सगळ्यांसमक्ष मी हो म्हटलं. म्हटलं म्हणजे, त्यांच्यासारखंच, हळू. डेल्फिया समोरच होती. ते ऐकताच तिनं हातातली ॲपल पायची थाळी खाली ठेवली आणि बाहेर निघून गेली. आनंद पोटात मावला नसणार. क्विगही न जेवता गेला. तेव्हा मामा, नोकरी मिळाली, सासरा मिळाला, आणि बायको दारात आली आहे. आईला लिहिताना राखेबद्दलचं ते वाक्य मागे घ्या, एवढंच. ब्यूलामामींना नमस्कार.

तुमचा,
टॅलमेज

ता. क. (मंगळवार) : पत्र टाकायचं राहून गेलं. काल काळा कोट मिळाला. काखेत जरा आवळतो. शववाहिका नुसती धुऊन आणायला नेली होती, तरी सगळी काउंटी कडेला थांबून टोप्या काढत होती. क्विगनंही काढली. आपण हात केला नाही. डेल्फिया कालपासून दिसलेली नाही, सर्दी असावी.

ता. क. (बुधवार) : सर्दी नाही. तिनं मला गॅरेजमागे गाठलं. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, "टॅल, आमच्या घरात मी जन्मले तेव्हापासून सगळे हळू बोलतात. जेवताना चमचासुद्धा वाजत नाही. तू आलास, कुंडी फोडलीस, आणि मी आत ऑर्गनवर डोकं ठेवून हसत होते. आता तूही तसाच बोलायला लागलास." मी विचारलं, मग मी काय करू. ती म्हणाली, "बघ, हेसुद्धा हळू विचारलंस." आणि गेली. मामा, क्विगला तिनं मागेच नकार दिला होता. तो केक तिचे वडीलच खायचे.

ता. क. (बुधवारीच) : आता काम असं आहे. मिस्टर हेमफिलना मी स्वतः नाही म्हणू शकत नाही. कॉलेज मधेच, आणि हेही मधेच? ते म्हणतील, हेच मला वाटलं होतं, आणि पुन्हा ते दार बंद. तेव्हा तुम्हीच त्यांना लिहा की भाच्याशिवाय गिरणी बंद पडायची वेळ आली आहे, तुम्ही आजवर त्याच्यासाठी थांबलात, तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं त्याला मोकळं करावं. मग मला खरोखरच गिरणीत घ्या. गिरणीत इतका आवाज असतो की ओरडल्याशिवाय बोलता येत नाही, हे मी डेल्फियाला सांगून टाकलं आहे. तुमच्या गोदामावरची खोली रिकामी आहे का, असं तिनं विचारलंय. मी आहे म्हणालो. मामींना जरा बघायला सांगा.

ता. क. : पत्र फार स्तुतीचं लिहू नका, नाहीतर ते मला सोडणारच नाहीत. उलट टपालानं लिहा. शुक्रवारी आणखी एक अंत्ययात्रा आहे, क्विग बंदोबस्ताला पुन्हा माझ्या मागे असणार आहे, आणि आता मला गप्प राहण्याचं काहीच कारण उरलेलं नाही.