मागून येणाऱ्यासाठी

बाबा,

आज सकाळी मी भर रस्त्यात एका माणसाशी भांडले. लखनौत गोमती नगरच्या चौकात मी बसलेली ई-रिक्षा उभी होती आणि पुढे चाळिशीतला एक गृहस्थ मोटारसायकलवर चालला होता, हेल्मेट डोक्याऐवजी कोपरात अडकवलेलं, म्हणजे कोपर फुटू नये याची त्याला फार काळजी. फोन वाजला तसा तो वाहत्या रस्त्याच्या मधोमध थांबला. हात दाखवणं नाही, वळून पाहणं नाही. मागून स्कूटरवर येणारी एक मुलगी त्याला चुकवता चुकवता आडवी झाली. मी उतरले, तिला उठवलं आणि त्याच्यापाशी जाऊन म्हटलं, "भाईसाहब, आपके पीछे भी लोग चल रहे हैं।" फोन कानावरून न काढता तो म्हणाला, "तो आंटी, पीछे वाला अपना देखे न।" त्यावर मी जे काही बोलले ते कॉन्व्हेंटमध्ये शिकवलेलं नव्हतं. घरी येऊन चहा केला, तो निवून गेला तरी मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडतच होते. तेव्हा कबूल करावं लागलं की एवढा संताप एकट्या त्या माणसावरचा नाही. तो जे तोंडाने म्हणाला ते मी एकदा करून बसले आहे, आणि माझ्या मागे त्या दिवशी तुम्ही होतात.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. माझी बदली शहराबाहेर, बख्शी का तालाब गावाकडच्या एका शाखेत झाली होती. मी छत्तीस वर्षांची, बँकेत ऑफिसर, बिनलग्नाची, आणि अलीगंजच्या घरातून रोज सीतापूर रोडने मोपेडवर जाणारी. तुम्हाला रेल्वेतून निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती. सगळी नोकरी मजुरांची गँग घेऊन रुळांच्या देखभालीत गेलेली, त्यामुळे रस्त्याकडेही तुम्ही रुळासारखंच बघायचात, कुठे खचलाय, कुठे उखडलाय. जानेवारी लागला आणि धुकं असं उतरलं की आपल्याच मोपेडचा उजेड भिंतीवर आपटल्यासारखा परत अंगावर यायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाहीर केलंत, "धुकं संपेपर्यंत मी तुझ्यापुढे चालेन." मी म्हटलं, "बाबा, मी काय बालवाडीत जाते?" "बालवाडीत असतीस तर बोट धरून नेली असती," तुम्ही म्हणालात आणि हेल्मेटचा पट्टा आवळलात.

तर रोज सकाळी पुढे तुमची काळी मोटारसायकल, तीसच्या वर न जाणारी, आणि तिच्या मागच्या लाल दिव्याला डोळे चिकटवून मी. माझ्याही डोक्यावर हेल्मेट, तुम्ही घालायला लावलेलं. तेव्हा लखनौत बाईने हेल्मेट घालणं म्हणजे तमाशाच होता. शाखेतला कॅशियर मोठ्याने सगळ्यांना ऐकवायचा, "लीजिए, मैडम चाँद से उतर आईं। पिताजी टिफ़िन भी लाए हैं या ख़ाली छोड़ने आए हैं?" मी त्याला एकदा म्हटलं की तुमच्या डोक्यात काही असतं तर तुम्हीही झाकून आणलं असतंत. महिनाभर तो गप्प होता. पण चीड त्याची नव्हती, तुमची होती. तुमच्या त्या खुणांची. डावीकडे खड्डा आला की तुमचा डावा पाय बाहेर लोंबायचा, उजवीकडे आला की उजवा. पुढे काही अडलं असेल तर डावा हात वर, पंजा उघडा. आणि हे माझ्यापुरतं नव्हतं. मागे कोणीही असो, तुमचा पाय बाहेर यायचाच. एकदा शहराकडून परतणाऱ्या एका दूधवाल्याला वाटलं की तुम्ही त्याला लाथ दाखवताय. रिकाम्या कॅन खडखडवत तो शेजारी आला, "बाबूजी, लात किसको दिखा रहे हैं?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "गड्ढा दिखा रहा था भैया, कैन न उछल जाएँ।" तो इतका ओशाळला की पुढे भेटेल तेव्हा आधी तुम्हाला सलाम करायचा. आई म्हणायची, "रूळ सुटले, गँग सुटली, ह्यांची मुकादमी काही सुटेना." तुम्ही एकदाच त्याचं उत्तर दिलंत, तेही जेवता जेवता, "पुढच्याला जे दिसतं ते मागच्याला दिसत नसतं. दिसलं की सांगायचं. त्यात काय मुकादमी?"

त्या दिवशी मला उशीर झाला होता. शाखेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडायची, एक कॅशियरकडे आणि एक माझ्याकडे. मी पोचेपर्यंत कोणाला एक नोट मिळणार नव्हती. त्या आठवड्यात दोनदा उशीर झालेला, मॅनेजरांनी पुढच्या वेळी लेखी मेमो देईन असं सांगितलेलं, आणि प्रमोशनचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेला. तुमचा लाल दिवा पुढे बैलगाडीसारखा चालला आहे आणि मी मनातल्या मनात इंग्रजीत तुम्हाला नाही नाही ते बोलते आहे. अलीगंज मागे पडलं, शेतं लागली आणि मी मोपेड उजवीकडे काढून तुम्हाला ओलांडलं. तुम्ही थांब म्हणून डावा हात वर केलात. मी पाहिला. आरशात तुमचा दिवा पिवळा ठिपका झाला, मग तोही राहिला नाही.

पुढे काय झालं ते मी इतक्या वेळा आठवलं आहे की आता ते झिजून गुळगुळीत झालंय. धुक्यातून एकदम ऊस आला. नुसता ऊस, हवेत तरंगणारा, माझ्या तोंडाच्या उंचीवर. चाक निखळलेली ट्रॉली अर्ध्या रस्त्यात तिरकी पडलेली, ट्रॅक्टर सोडवून नेलेला, जवळ माणूस नाही, दिवा नाही, एक वीटसुद्धा ठेवलेली नाही. मी ब्रेक दाबले, मोपेड घसरली, कशी कोण जाणे ट्रॉलीच्या कडेने कच्च्यावरून पलीकडे निघाली. तिथे मी पाय टेकवून उभी राहिले. पडले नव्हते. इंजिन चालू होतं. मी उजवं मनगट वर करून घड्याळ पाहिलं. सव्वानऊ.

मग तुमचा आवाज आला, मोटारसायकलचा, सावकाश. तुम्ही तीसच्या वर जात नव्हतात म्हणून त्या उसापासून दोन हातांवर थांबलात. समोर जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल असाच वेग ठेवायचा, हा तुमचा नियम. त्याने तुम्हाला वाचवलं. मी नाही.

"लागलं का?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "नाही. चला, सव्वानऊ झाले." तुम्ही तोवर मोटारसायकल वळवून कडेला लावली होती, दिवा आलेल्या वाटेकडे करून. "बाबा, चला ना." तुम्ही म्हणालात, "मागून कोणी येत असेल." "कोण?" "असेल कोणीतरी." "ट्रॉली आपली नाहीये, बाबा!" "रस्ता तरी आपला कुठेय? स्वेटर काढ." माझ्या अंगात आईने विणलेला लाल स्वेटर होता. मी किंचाळले, "गारठून मरू का मी?" तुम्ही स्वतःचा कोट उतरवून माझ्या हातात दिलात, लाल स्वेटर घेतलात आणि मोठ्याने पावलं मोजत धुक्यात चालू लागलात. आगगाडी मधेच अडली की तिचा गार्ड आधी मागे चालत जातो, मागच्या गाडीला थांबवण्यासाठी, आणि जवळ राहून भागत नाही, लांब जावं लागतं, हे तुम्ही मला लहानपणी गोष्टीसारखं सांगितलं होतं. तुमचा पांढरा शर्ट आधी नाहीसा झाला, मग लाल स्वेटर, आणि मग फक्त आवाज उरला. एकशे दहा. एकशे अकरा. चौसष्ट वर्षांचा माणूस, नुसत्या शर्टात, जो अजून आलेला नाही आणि कदाचित येणारही नाही अशा कुणासाठी चालत चाललेला. पुढे आकडेही ऐकू येईनासे झाले.

मी ट्रॉलीपाशी तुमच्या कोटात उभी. मघाशी दातओठ खाणारी मी आता श्वाससुद्धा हळू घेते आहे. कितीतरी वेळ काही नाही. मग लांब एक मोटारसायकल, भरधाव. तुमचा आवाज, एवढा मोठा मी घरात कधी ऐकला नव्हता, "रोको! रुक जाओ! आगे रास्ता बंद है!" चाकं करकरली. एक तरुण आवाज, "मरने का शौक़ है क्या, बुढ़ऊ?" आणि थोड्या वेळाने तो पोरगेला जवान, अंगात हवाई दलाचा गणवेश, पाय टेकवत टेकवत धुक्यातून बाहेर आला. त्याने ऊस पाहिला, मला पाहिलं. "वो बाबूजी आपके हैं?" मी मान हलवली. त्याने गाडी कडेला लावली आणि पळत मागे गेला. तिथलं बोलणं त्यानेच मला नंतर सांगितलं. "अंकल, माफ़ कीजिए। आप बैठिए, मैं खड़ा होता हूँ।" "बैठना नहीं है। तुम और तीन सौ क़दम पीछे जाओ। मफ़लर है? हिलाते रहना।" तेव्हापासून आधी त्याची हाक यायची, मग तुमची, आणि मग माणसं एकेक करून बाहेर यायची, हळू, शहाण्यासारखी. दोन शिक्षक एका स्कूटरवर. दूधवाला, तोच. आणि एक मोटारसायकल, जिच्या टाकीवर तीन-चार वर्षांची मुलगी कानटोपी घालून बसली होती, मागे तिची आई एका बाजूला पाय सोडून, शालीत तान्हं गुंडाळून. ती बाई ट्रॉलीकडे बघतच राहिली. उसाची टोकं बरोबर त्या टाकीवरच्या मुलीच्या कानटोपीसमोर आली असती. जाताना नुसता माझ्या कोटाच्या बाहीला हात लावून गेली.

दुसरा ट्रॅक्टर येऊन ट्रॉली ओढून काढेपर्यंत तास उलटून गेला. तुम्ही परत आलात ते ओठ निळे, मिशीवर पाणी, आणि म्हणालात, "जा आता तू. किल्ली आहे ना जवळ?" मला तुमच्या पाया पडायचं होतं, बाबा. एवढी वर्षं ज्याच्याबरोबर मेथीच्या भाजीत मीठ कमी-जास्त यावरून वाद घातला तो माणूस कोण आहे हे मला त्या तासात पहिल्यांदा दिसलं होतं, आणि मी भेदरून गेले होते. मी फक्त कोट परत दिला.

मेमो मिळाला. त्याचं काही नाही, प्रमोशन वर्षभर मागे गेलं एवढंच. खरी गोष्ट त्या संध्याकाळची आहे. जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "हिने पलीकडे थांबून हॉर्न दिला असणार. मला ऐकूच आला नाही. अगदी ट्रॉलीपाशी येईपर्यंत नाही." तुम्ही मला विचारलं नव्हतंत. धरूनच चालला होतात. आई म्हणाली, "मग कान दाखवून या." मी वरणभात कालवत राहिले. कानाच्या डॉक्टरांनी तुम्हाला यंत्र लावून तपासलं आणि वयाच्या मानाने कान उत्तम आहेत असं सांगितलं. घरी येऊन तुम्ही चपला काढत म्हणालात, "यंत्राचं काय सांगावं. माझी मुलगी थांबल्यावर हॉर्न दिल्याशिवाय राहणार नाही."

होळी झाल्यावर तुम्ही मोटारसायकल विकलीत. "ज्याला दुसऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही त्याने रस्त्यावर येऊन लोकांना धोक्यात घालू नये." घ्यायला आलेल्या गृहस्थांना तुम्ही अर्धा तास सगळं समजावलंत, पाय केव्हा बाहेर काढायचा तेसुद्धा, आणि ते बिचारे "जी, जी" करत राहिले. मी दारात उभी होते. आता बोलायचं असं ठरवून तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा टाकू का?" तुम्ही ती गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत पाहिलीत, आणि मग पुढची अकरा वर्षं चौकात जायचं असो की औषध आणायचं असो, प्रवासी टेम्पोत चेंगरून गेलात. शेवटच्या आजारपणात मी पलीकडच्या खोलीतून दबक्या आवाजात फोनवर डॉक्टरांशी बोलायचे आणि तुम्ही इकडून विचारायचात, "किती दिवस म्हणाले?"

हे पत्र कुठे पोचणार नाही, म्हणूनच लिहिता आलं. मला वाटायचं, मी त्या क्षणी घाबरले होते म्हणून हॉर्न द्यायचा राहून गेला. तसं नाही. तुम्ही मागून येताय हे मला माहीत होतं, आणि घड्याळात पाहताना माझा डावा अंगठा हॉर्नच्या बटणावरच होता. मी तो दाबला नाही.