कोरस निर्जीव वाटतो

३ नोव्हेंबर, सोमवार

अश्लेषाने नव्या अल्बमची लिंक पाठवली. ‘काळा आंबा’. नऊ गाणी, बावन्न मिनिटं, विषय पानिपत. खाली मेसेज: काका, रिलीजचा कार्यक्रम २३ तारखेला आहे, तुम्ही आमचे पहिले फॅन, आधी तुम्ही ऐका.

अश्लेषा आमच्याच सोसायटीतली, तिसऱ्या मजल्यावरची. तिच्या ‘कृष्णपक्ष’ बँडचा सिम्फनिक गॉथिक रॉक दिल्लीतल्या अख्ख्या मयूर विहारच्या मराठी मंडळात फक्त मला कळतो. बाकीचे कानात बोटं घालतात. म्हणून मंडळाच्या अंकाचे संपादक भालचंद्रराव यांनी परीक्षणही माझ्याकडेच मागितलं आहे. मुदत १४ तारीख.

उद्या मेट्रोत ऐकतो. एका बैठकीत.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मेट्रोत पहिलं गाणं लावलं. ऑर्गन, घंटा, घोड्यांच्या टापा. यमुना बँकला सीट मिळाली. एकाग्रतेसाठी डोळे मिटले. उघडले तेव्हा करोल बाग. उतरायचं होतं राजीव चौकला.

अश्लेषाला कळवलं, ऐकतोय, दमदार सुरुवात! यात खोटं काही नाही. सुरुवात ऐकली आहेच. चाळीस सेकंद.

८ नोव्हेंबर, शनिवार

AQI ४१२. अशा हवेत बाल्कनीत बसून संगीत ऐकणं म्हणजे फुफ्फुसांशी वैर. घरात ऐकावं तर सुमित्राला त्रास. तिला हे संगीत आवडत नाही. तसं तिला कधी विचारलेलं नाही, पण चेहऱ्यावरून कळतं.

आज मात्र तिनेच विचारलं, अहो, तो अल्बम ऐकलात का? म्हटलं, ऐकला. कसा आहे? म्हटलं, खोल आहे. आणि चौथं गाणं? म्हटलं, चौथं गाणं तर फार सुंदर आहे. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत थोडा वेळ तशीच उभी राहिली, जणू मी अजून काही बोलणार आहे. मग भजनी मंडळाला गेली. श्रावणापासून एक शनिवार चुकवत नाही. तिथे एवढं काय चालतं देव जाणे.

माझ्या सहवासाने तिलाही रॉकमध्ये रस वाटू लागलाय. पण बायकोशी खोटं बोललो, हे बरं नाही. उद्या दोनदा ऐकून भरपाई करायची.

९ नोव्हेंबर, रविवार

एअर प्युरिफायरचा फिल्टर बदलला. मशीन फुल स्पीडवर असलं की बारकावे ऐकू येत नाहीत. बंद केलं तर खोकला. गॉथिक संगीत बारकाव्यांशिवाय ऐकणं हा कलेचा अपमान. मी तो करणार नाही.

संध्याकाळी लिफ्टमध्ये अश्लेषा भेटली. काही बोलायच्या आत मीच म्हटलं, घाई करू नकोस बेटा, मुरू दे. ती खूश झाली. मला मात्र जेवण गेलं नाही. दोनच पोळ्या खाल्ल्या.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

भालचंद्ररावांचे तीन फोन. तिसऱ्याला म्हणाले, गुणवंतराव, अच्छा, बाकी अंक बिल्कुल तयार आहे, फक्त तुमचं पान कोरं आहे. संसदेचं अधिवेशन जवळ आलंय, ऑफिसात प्रश्नोत्तरांचा ढीग, हे त्यांना कसं समजावणार? लिहून देतो म्हटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लेख दिला! बावीस वर्षं सरकारी नोकरी उगाच नाही केली. फाइलवर मत द्यायला फाइल वाचावी लागत नाही, मागची नोट काढायची आणि तारीख बदलायची.

दोन वर्षांपूर्वी यांच्या पहिल्या अल्बमचं परीक्षण लिहिलं होतं (तेव्हा दोनदा ऐकून, अगदी मन लावून). तेच काढलं. अल्बमचं नाव बदललं, गाण्यांची नावं बदलली. एक वाक्य मात्र जसंच्या तसं ठेवलं: ‘कोरस निर्जीव वाटतो, कॉम्प्युटरमधून काढलेल्या आवाजांना श्वास नसतो.’ नुसती स्तुती केली तर लोकांना वाटतं, ऐकलंच नाही. सुमित्राने चौथ्या गाण्याचं नाव काढलं होतं, म्हणजे चर्चा त्याचीच असणार. त्या गाण्याचं नाव ‘मागे राहिलेल्या’. बायकांचा कोरस असणारच. वाक्य तिथे बसवलं.

गेल्या वेळी हे वाचून अश्लेषा हिरमुसली होती. पुढच्या वेळी नक्की सुधारू काका, म्हणाली होती. मुलं म्हणतात असं. जिवंत कोरससाठी माणसं कुठून आणणार ती?

१६ नोव्हेंबर, रविवार

मन खातंय. ठरवलं, अंक छापायच्या आधी अल्बम ऐकायचाच. आधी भालचंद्ररावांना फोन लावला, म्हटलं वेळ किती आहे ते कळावं. म्हणाले, अंक कालच प्रेसला गेला, चिंता नका करू यार.

झालं. आता ऐकून कुणाचाच फायदा नाही. उलट मत बदललं तर मलाच मनस्ताप.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सुमित्रा काळी साडी इस्त्री करत होती. संक्रांतीला दोन महिने आहेत! बायकांची तयारी काही औरच. दिवसभर ज्येष्ठमध चघळते, गळ्याला मफलर, थंड पाणी बंद. म्हटलं, प्रदूषण आहे, मास्क लाव.

म्हणाली, २३ तारखेला पुढच्या रांगेत बसा हं. मी जरा आधी जाईन. म्हटलं, मी परीक्षक, पुढेच बसणार. तिने विचारलं, लेखात काय लिहिलंय? म्हटलं, सरप्राइज. ती लाजली. नवऱ्याचा अभिमान वाटत असावा.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपारी ३

बँडचा काळा टी-शर्ट घातला. पोटावर ‘कृष्णपक्ष’ जरा ताणला गेलाय. चालेल. दोन शब्द बोलायला सांगतील, मुद्दे काढून ठेवले. आज घरी आल्यावर अल्बम ऐकणार म्हणजे ऐकणार.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. कारण: अस्वास्थ्य.

काल हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीवर अंक ठेवला होता. माझा लेख पान तीन. तीन गाणी झाली. मग अश्लेषा माइकवर म्हणाली, गेल्या वेळी गुणवंतकाकांनी लिहिलं होतं की कॉम्प्युटरच्या आवाजांना श्वास नसतो. ते आम्हाला पटलं. म्हणून या वेळी अल्बममध्ये श्वास घेणारे चौदा आवाज आहेत.

पडदा सरकला. चौदा जणी, संक्रांतीच्या काळ्या साड्यांत. आमचं भजनी मंडळ. डावीकडून तिसरी सुमित्रा.

दोन ओळी तिने एकटीने म्हटल्या. पानिपतावर गेलेल्यांची वाट बघणाऱ्या बायकांच्या. सव्वीस वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. ऐकला नव्हता म्हणजे, ती गातच असणार. मला रडू आलं. तेवढ्यात मागून भालचंद्ररावांनी मोबाइलच्या उजेडात पान तीन पुढे केलं आणि विचारलं, यातल्या कुठल्या कॉम्प्युटरमधून काढल्या म्हणायच्या?

मला बोलायला कुणी बोलावलं नाही.

ई-रिक्षाने सुमित्रा आणि मी घरी आलो. गेटपाशी एवढंच म्हणाली की अंक त्यांना चार वाजताच मेकअप रूममध्ये मिळाला होता. चौदाही जणींनी वाचला. त्यांच्यातली शुभदा रडली. मग गायल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज अल्बम ऐकला. बावन्न मिनिटं, टेबलाशी ताठ बसून, डोळे उघडे ठेवून. प्युरिफायर बंद केला. चौथं गाणं तीनदा लावलं. दुसऱ्या ओळीआधी सुमित्रा श्वास घेते, तो स्पष्ट ऐकू येतो.

ती मटार सोलत होती. समोर जाऊन बसलो. काय काय बोलायचं ठरवलं होतं, त्यातलं एकच वाक्य तोंडातून निघालं. म्हटलं, चौथं गाणं फार सुंदर आहे.

तिने शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले आणि म्हणाली, हेच तुम्ही त्या शनिवारीही म्हणाला होतात.