साडेतीन महिन्यांनी ज्युनिअर

२ मे १९७८, मंगळवार
नोटीस बोर्डावर सीनिऑरिटी लिस्ट लागली. एक नंबर अनंतराव. दोन नंबर मी. आमचे हेडक्लार्क आनंदराव ३० जूनला रिटायर होताहेत. खुर्ची एकच. अनंता आणि मी नोकरीला लागलो एकाच दिवशी, १५ जानेवारी १९४७. अशा वेळी वयाने मोठा तो सीनिअर, हा नियम. त्याची जन्मतारीख १२ मार्च १९२४. माझी १ जुलै १९२४. साडेतीन महिन्यांपायी एकतीस वर्षे मी ज्युनिअर!
बोर्डाला बुक्की मारली. काच फुटली. उजव्या हाताला तीन टाके. काच हलकी होती, सरकारी.
संकल्प: अनंताचे नाक.

४ मे
शेजारी भैय्याजी राहतात, इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. त्यांना विचारले, ज्युनिअर म्हणजे नक्की काय हो? त्यांनी डिक्शनरी काढली. म्हणाले, शब्द लॅटिन. 'युवेनिस' म्हणजे तरुण, त्याहून तरुण तो ज्युनिअर. आपल्या संस्कृतातला 'यवीयान्' त्याचा चुलतभाऊ. मुळात फक्त वय. हुद्दा मागाहून चिकटला. सीनिअर म्हणजे अधिक म्हातारा, आणि आपण साहेबाला 'सर' म्हणतो तेही त्यातूनच निघाले.
ऐकून अंगावर काटा आला. कारण मी अनंतापेक्षा मोठा आहे! शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट पोरांना १ जुलै लिहिली आणि माझे वय वरून कमीही केले. आई सांगायची, अठरा-एकोणीस सालची इन्फ्लुएंझाची साथ सरली आणि तू झालास. म्हणजे लॅटिनप्रमाणे मी सीनिअर. अनंता यवीयान्.
भैय्याजी असेही म्हणाले की रोमन लोक शेहेचाळीस वर्षांच्या आतल्यांना ज्युनिअर म्हणत आणि लढाईला पाठवत. सीनिअर गावात बसून तट राखत. मला चोपन्नावे चालू, तरी ज्युनिअर. ठीक आहे. ज्युनिअरने लढायचेच असते.
उद्या पहाटे पाचपासून आखाडा. शंभर दंड, दोनशे बैठका.

५ मे, सकाळी ८.२०
गजर झाला. त्याला चापट मारली. घड्याळ भिंतीवर जाऊन फुटले. झोपेतही हात चालतो, हे कळले. आखाडा रविवारपासून.

७ मे, रविवार
आखाड्यात गेलो. वस्ताद म्हणाला, "काकाजी, घरी जाऊन दूध पिऊन घ्या." मी त्याच्या छातीवर हात मारला. त्याने मला धोबीपछाड दिली. खांद्याला हळद लावून पडलो आहे. डाव फार जवळून पाहता आला. अनंतावर हाच टाकायचा. दंड तीन झाले.

१० मे
साहेबांना अर्ज दिला. चार पाने. लॅटिन दुसऱ्या पानावर. टाइप करताना चारुशीलाबाईंनी 'यवीयान्'चे स्पेलिंग तीनदा विचारले. मी टेबलावर मूठ आपटली. दौत त्यांच्या पातळावर कलंडली. बाईंनी लाकडी रूळ उचलून माझ्या हातावर हाणला, नेमका टाक्यांवर. बाई आहेत म्हणून सोडून दिले. आधी मला खाली बसावे लागले.
साहेबांचा शेरा: वयाचा पुरावा आणा.

१४ मे, रविवार
सावनेरजवळ गावी आलो. गावात जन्मलेमेलेल्यांची नोंद कोतवाल बुकात असते, तिची नक्कल काढायची आहे. थोरले बंधू रुपराव यांना सांगितले. ते एकदम भडकले. म्हणे, "अबे महाद्या, बाबानं तुयं वय चार साल कमी काहून लिवलं, मालूम हाय का तुले? नोकरी चार साल जास्त चालावं म्हून! अर्जी फाड आधी."
मी म्हणालो, मुद्दा सीनिऑरिटीचा आहे, नोकरीचा नाही. ते म्हणाले, मूर्ख आहेस. मी त्यांची कॉलर धरली. त्यांनी तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, घेतली आणि पाठीवर चार ओढल्या. मी कडब्याची पेंढी फेकली. ती वहिनींना लागली. मग वहिनींनीही मारले.
सख्खा भाऊ अनंताला सामील! माणसाने विश्वास कोणावर ठेवायचा?

१५ मे
तहसील कचेरी. रांगेत एक जण मध्ये घुसला, त्याला कोपर मारले. त्याने दोन मारले. सदऱ्याची बाही गेली. पण नक्कल मिळाली! '९ जून १९२०, पुत्र, बाप चंपतराव.' अनंतापेक्षा पावणेचार वर्षांनी मोठा! इतक्या मोठ्या माणसाला एकतीस वर्षे ज्युनिअर ठेवले.

१७ मे
आज युद्ध झाले. रेकॉर्ड रूममध्ये अनंताने मला गाठले. म्हणे, "महादेवराव, ते नक्कल लावू नका जी. तुमचंच नुकसान आहे. तुम्हाले समजून नाही राहिलं." आणि चक्क कागद ओढायला लागला. मी धोबीपछाड टाकायला गेलो. खांदा दुखत होता, म्हणून डोके मारले. त्याचा पुढचा दात पडला. फायलींवर रक्त. रॅक आम्हा दोघांवर आला. कपाळाला पाच टाके, माझ्या.
कागद मात्र सोडला नाही. साहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्या एका कोपऱ्याला रक्त होते. बहुतेक माझेच.

१८ मे
बायको, जयवंता, टाके पाहून रडली. मग म्हणाली, "अवो, वय वाढवून पेन्शन लवकर..." मी ताट भिरकावले. तिने वरवंटा उचलला. घरात सीनिअर कोण हा प्रश्न तूर्त स्थगित. उपाशीच ऑफिसला आलो.

२२ मे
साहेबांनी बोलावले. दोनदा विचारले, ही तारीख तुम्हाला मान्य आहे? मी म्हणालो, सर, ठणकावून मान्य आहे. त्यांनी सही घेतली.
अनंताला दाताबद्दल खुलासा विचारला होता. त्याने लिहून दिले, जिन्यावरून पडलो. घाबरला मला!

२६ जून, दुपारी १२
ऑर्डर आली! पहिलाच परिच्छेद: 'श्री. महादेवराव हे श्री. अनंतराव यांच्यापेक्षा सीनिअर असल्याचे मान्य करण्यात येत आहे.' उभा राहून मोठ्याने वाचला. संत्रा बर्फी मागवली. पहिला तुकडा अनंताच्या तोंडात कोंबला, दात नाही त्या बाजूने.

त्याच दिवशी, ४ वाजता
आनंदराव म्हणाले, खालचाही परिच्छेद वाचा. 'सबब, दि. ९ जून १९७८ रोजी वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्याने त्यांना ३० जून रोजी सेवानिवृत्त करण्यात येत आहे.'
हात उचलला. मारायचे कोणाला? रुपराव, जयवंता, अनंता, सगळ्यांना आधीच मारून झाले होते. सगळे माझ्याच बाजूचे होते.

३० जून, शुक्रवार
निरोप समारंभ. आनंदरावांना हार, मला हार. अनंता, म्हणजे उद्यापासून हेडक्लार्क, भाषणाला उठला. दात नसल्याने काही शब्द फुसफुसत होते. म्हणाला, महादेवरावांसारखा जिद्दीचा माणूस पाहिला नाही. कोणी हसले नाही. तो माझ्या पाया पडला. म्हणे, वडील आहात.
मला रडू आले. लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही. बत्तिसावे वर्ष चालू होते. अजून चार वर्षे मिळाली असती. ज्युनिअर म्हणून का होईना, रोज सकाळी डबा घेऊन सायकलवर निघालो असतो.

२ जुलै, रविवार, संध्याकाळ
घरात जयवंता पायात पायात येता म्हणाली नाही, पण चेहरा तसाच होता. म्हणून तलावाकाठच्या पेन्शनर मंडळात गेलो. आनंदरावही आले होते. वीसेक म्हातारे. अध्यक्षांनी नियम सांगितला: मागाहून रिटायर झालेला तो ज्युनिअर. त्याने सतरंजी घालायची आणि सुरई भरून आणायची.
मी म्हणालो, आम्ही दोघे एकाच दिवशी रिटायर झालो. अध्यक्ष म्हणाले, मग वय पाहू. दोघांनी तारखा सांगितल्या. आनंदरावांची २ जून १९२०. माझी ९ जून १९२०.
मूठ वळली होती. उघडली आणि सतरंजी घातली. आनंदराव म्हणाले, तिकडच्या कोपऱ्याला जरा ओढा.