मुख्य संयोजक मी नाही

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. उद्देश: मन शांत ठेवणे.

क्लबची मीटिंग झाली. गावाबाहेरची दगडाची खाण बंद पडल्यापासून आम्ही हौशी लोक रविवारी तिथल्या कड्यावर दोर लावून चढतो. म्हणजे ते चढतात. माझा गुडघा. पण नऊ वर्षं सचिव मी आहे आणि सगळे कागद माझ्याकडे आहेत. यंदाच्या स्पर्धेला प्रथमच मुख्य संयोजक नेमायचा होता. मी नवा शर्ट घालून गेलो.

डेंटिस्टला नेमलं. क्लबमध्ये येऊन त्याला दीड वर्ष झालंय. चित्रकलेच्या बाईंनी नाव सुचवलं आणि उरलेल्यांनी टाळ्याच वाजवल्या. मीही वाजवल्या. सगळ्यात शेवटी थांबलो.

मला काही वाटलं नाही.

४ फेब्रुवारी

हिला सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं, त्यांचा हात फार हलका आहे, माझी दाढ भरली तेव्हा कळलंसुद्धा नाही. मी म्हणालो, दाढेचा आणि कड्याचा काय संबंध. ही म्हणाली, तुम्हाला जेवायला वाढू का.

जेवलो नाही. पोट दुखत होतं. खरोखरचं.

६ फेब्रुवारी

आनंदाची बातमी. मेहुणा वकील आहे, त्याला सहज फोन केला. तो म्हणाला, भावोजी, तुम्ही सुटलात. असल्या खेळात कोणी पडलं, मोडलं, तर पहिली नोटीस मुख्य संयोजकाला. आम्ही फुकट राबतो, हौसेने करतो, असं म्हणून सुटका नाही.

मी विचारलं, आणि सचिव?

तो म्हणाला, ज्याने जे काम अंगावर घेतलं, त्याची त्याला जबाबदारी.

म्हणजे मान डेंटिस्टला आणि मानगूटही डेंटिस्टचीच. आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१० फेब्रुवारी

ऑफिसात दिवसभर फॉर्म लिहिला. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात आहे, ‘आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे’ हे वाक्य मी एकवीस वर्षं लिहितोय. जबाबदारी कुठे सरकवायची, हे मला शिकवायला नको. स्पर्धकाने सही करायची: पडलो, घसरलो, दगड लागला, मधमाशी चावली, वीज कोसळली, मन खचलं, तरी तक्रार नाही. एकूण चौदा पानं. कलम ३१: काही झालंच तर विचारणा फक्त मुख्य संयोजकाकडे.

डेंटिस्टला असं एक तरी पान लिहिता येईल का? दाताचे फोटो काढतो नुसते.

१३ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये फॉर्म वाचला. सहाव्या पानाला बाईंना जांभई आली. डेंटिस्ट म्हणाला, एवढं वाचून माणूस वर चढायचाच नाही, तेवढी सुरक्षितता पुरे. सगळे हसले. विनोद साधाच होता. मी गेल्या वर्षी याहून चांगला केला होता, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

मग तो गंभीर झाला. म्हणाला, सह्या घेऊ, पण धोका काय आहे हे कळावं म्हणून. आपण दोर तपासायला विसरलो तर ही सही आपल्याला वाचवणार नाही, आणि वाचवूही नये.

‘वाचवूही नये’ म्हणाला तेव्हा बाई त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, तसं नऊ वर्षांत माझ्याकडे कोणी बघितलेलं नाही. मला काही तसं हवंय असं नाही.

मेहुण्याला विचारलं. तोही म्हणाला, बरोबर आहे त्यांचं. निष्काळजीपणा सहीने माफ होत नाही. फॉर्म लिहायच्या आधी विचारायचं होतं, भावोजी.

१६ फेब्रुवारी

निर्णय: कुठल्याही कागदावर माझं नाव नको. संयोजकांची यादी, कामांची वाटणी, दोर आणि बोल्ट तपासणीचा तक्ता, सगळीकडून नाव काढलं. तपासणीपुढे ‘मुख्य संयोजक’ टाइप केलं. दरवर्षी ते काम मी करतो, पण कागदावर कशाला?

ही मात्र पाणी वाटपात नाव देऊन आली. तिला कोणी सांगितलं होतं? डॉक्टरांनी विचारलं म्हणे. अगदी प्रेमाने.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपार

उद्या स्पर्धा. सवयीने खाणीवर गेलो. एकटाच. मागच्या पायवाटेने कड्याच्या माथ्यावर जाऊन बोल्ट बघितले. हे बोल्ट खडकात ठोकलेले असतात, त्यांच्या कडीतून दोर खाली सोडतात आणि माणसाचा सगळा भार त्यांच्यावर.

तीन नंबरचा हलतोय. बोटाने. किडक्या दातासारखा.

खिशातून फोन काढला. मग विचार केला. तपासणी कोणाची? मुख्य संयोजकाची. तक्त्यात स्पष्ट आहे. त्याला कळायलाच हवं. सगळंच मी सांगायचं आणि टाळ्या त्याने घ्यायच्या?

फोन खिशात ठेवला.

२१ फेब्रुवारी, रात्र

दडपलं असं कोणी म्हणू नये म्हणून लेखी कळवलं. मुख्य संयोजकांस सविनय, बोल्ट क्रमांक तीन, आजची तारीख, माझी सही. रजिस्टर पोस्टाने. पोचायला दोन-तीन दिवस लागतील असं काउंटरवरची बाई म्हणाली. पोस्टाचा कारभार माझ्या हातात नाही.

संध्याकाळी मेहुण्याला फोन. समजा, एखाद्याला दोष माहीत होता आणि त्याने योग्य मार्गाने कळवलं, पण उशिरा पोचेल अशा बेताने, तर? तो म्हणाला, भावोजी, तो एखादा सगळ्यात आधी अडकेल. ज्याला माहीत नव्हतं तो चुकला. ज्याला माहीत होतं त्याला काय म्हणायचं, ते मी तुम्हाला फोनवर सांगत नाही.

रोजनिशी कोर्टात मागवता येते का, हेही विचारून ठेवलं. येते.

२२ फेब्रुवारी, रविवार. हॉस्पिटल

डाव्या हाताला सुई आहे, उजव्याने लिहितोय.

सकाळी ठरवून उशिरा गेलो. खाली पन्नासेक माणसं. ही पाण्याच्या टेबलाशी, नवी टोपी घालून. कोण कुठल्या दोरावर, तो तक्ता बघितला. तीन नंबरच्या दोरावर पहिल्या चित्रकलेच्या बाई. त्या हेल्मेटचा पट्टा आवळत होत्या आणि हिच्याशी काहीतरी बोलून हसत होत्या. त्यांची मुलगी चौथीत आहे. हे मला एकदम का आठवलं, माहीत नाही.

बेत असा की गुपचूप वर जायचं, दोर काढून घ्यायचा, कोणाला काही कळणार नाही. पायवाटेवर धावलो. गुडघ्याचं भान राहिलं नाही. वळणावर खडीवरून पाय सटकला आणि मी दहा-बारा फूट खाली एका कपारीत. घोट्यातून आवाज आला. तिथून ओरडलो, तीन नंबर, तीन नंबरवर कोणी चढू नका.

वरून डेंटिस्टचं डोकं दिसलं. म्हणाला, हलू नका, तीन नंबर मी सकाळी सहालाच बंद केलाय, बोल्ट सैल होता. दोर चारवर लावलाय, नुसता तक्ता बदलायचा राहिला.

म्हणजे मी उगाच पडलो.

तोच दोरावरून उतरून आला. त्यानेच पाय बांधला. इथल्या हाडांच्या डॉक्टरने विचारलं, कोणी बांधला, फार छान बांधलाय. दोनदा विचारलं. एकदा पुरे होतं.

२३ फेब्रुवारी

सगळे भेटून गेले. डेंटिस्टने सगळ्यांना सांगितलंय म्हणे की यांना ऐनवेळी शंका आली आणि जिवाची पर्वा न करता धावले. बाईंनी माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. ही पलीकडून माझ्याकडे बघत होती, लग्नाच्या पहिल्या वर्षी बघायची तसं.

नाही म्हणालो नाही. आजारी माणसाने वाद घालू नये.

फक्त एक खुपलं. अपघाताचा अहवाल वाचला. स्पर्धक जखमी: शून्य. संयोजक जखमी: शून्य. जखमी बघे: एक. कोणत्याच यादीत नाव सापडलं नाही म्हणे.

२५ फेब्रुवारी, बुधवार. घर

पोस्ट पोचलं.

डेंटिस्ट दुपारी आला. ही चहा ठेवायला आत गेली, तेव्हा त्याने खिशातून माझं पत्र काढून पांघरुणावर ठेवलं. शनिवारची तारीख, माझी सही. आवाज न चढवता म्हणाला, फोन का नाही केलात?

मी म्हणालो, नियमाप्रमाणे लेखी...

तो म्हणाला, मी सकाळी सहाला गेलो नसतो तर?

हा प्रश्न पाठवायला योग्य तो विभाग सापडला नाही. एकवीस वर्षांत प्रथमच.

चहा आला. तो हिच्याशी दाढेबद्दल बोलला. चहा संपवला. जाताना पत्र तिथेच ठेवून गेला. तुम्ही धावलात तेही मी बघितलंय, एवढंच म्हणाला.

कोणाला सांगणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. एवढं चांगलं असायची काय गरज आहे माणसाला? थोडा ओरडला असता तर मलाही चार शब्द सुनावता आले असते.

पत्र फाडलं. मग हिला सगळं सांगितलं. का, ते कळत नाही. तिने ऐकून घेतलं, कपबशा उचलल्या आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलतेय.

८ मार्च

सचिवपदाचा राजीनामा. कारण: प्रकृती. क्लबने तो खेदाने आणि अर्ध्या मिनिटात मंजूर केला. नवीन सचिव बिनविरोध.

ही.

माझी कपाटाची किल्ली मागून घेतली. फायली फार छान लावल्या आहेत, असं म्हणाली. बोलली हेच खूप.

२० मार्च

ही चढणार आहे. या रविवारी, स्वतः. बेचाळिसाव्या वर्षी. मी कारणं मोजून दाखवली. ती म्हणाली, पाणी वाटून कंटाळा आला.

फॉर्म आणलाय. डेंटिस्टने नवीन केला. एकच पान. दोर तुटू शकतो, दगड निसटू शकतो, माणूस चुकू शकतो. तुम्ही हे वाचून येत आहात. आम्ही काळजी घेऊ. घेतली नाही तर दोष आमचा.

शेवटचं वाक्य म्हणजे कायद्याच्या दृष्टीने आत्महत्या आहे. मी असं कधीच लिहिलं नसतं.

खाली रेघ: जवळच्या नातेवाईकाची सही. मी म्हणालो, उद्या बघू.

२१ मार्च

सही झाली नाही. ‘दगड निसटू शकतो’ इथेच अडकतो. हिला विचारलं, बोल्ट कोण बघणार? ती म्हणाली, डॉक्टर, आज संध्याकाळी आणि उद्या सकाळी पुन्हा.

मग ठीक आहे, असं माझ्या तोंडून गेलं. सही केली.

२२ मार्च, रविवार. साडेदहा

प्लास्टर अजून आठ दिवस. खिडकीशी बसलोय. ही आठला गेली, तीच टोपी घालून. अजून फोन नाही. दोनदा लावला, उचलत नाही. चढत असेल.

डॉक्टर तिथे आहेत, म्हणून तशी काळजी नाही.

वरची ओळ खोडायला पेन उचललं होतं. राहू दे.