सासऱ्यांनी घरात हेल्मेट का घातलं

प्रिय आत्या,

नमस्कार. (खरं तर वाकून करायला हवा, पण बाळ मांडीवर झोपलं आहे आणि ते उठलं तर हे पत्र पुढच्या वर्षी पोचेल, म्हणून बसल्या जागेवरूनच स्वीकार.) तब्येत कशी आहे? फोनवर तू 'मला काय धाड भरलीये' म्हणतेस, पण ते उत्तर नव्हे. रक्तदाबाचे आकडे दोन असतात, वरचा आणि खालचा, दोन्ही कळव. काकांना नमस्कार सांग, आणि कानातलं यंत्र कपाटात ठेवण्यासाठी घेतलेलं नाही, हेही सांग.

मी ठीक आहे. बाळ ठीक आहे. ही दोन्ही वाक्यं मी विचार करून लिहिली आहेत. तिसरं वाक्य असं, की पुढच्या गुरुवारी बाळाच्या डोक्याची शस्त्रक्रिया आहे. आता उठू नकोस, फोनकडे तर मुळीच जाऊ नकोस. आधी पुढचं वाच. मी सगळं क्रमाने लिहिलं आहे.

तान्ह्या मुलाची कवटी एकसंध नसते. तिच्यात हाडांचे पातळ तुकडे असतात आणि त्यांच्यामध्ये शिवणी असतात. वाढत्या अंगाच्या झबल्यात आपण माया सोडतो ना, तशी ती सोय असते. मेंदू वाढला की शिवणी जागा करून देतात. आमच्या साहेबांची (नाव अजून ठरत नाही, तोवर घरात सगळे साहेबच म्हणतात) कपाळाकडून मागे जाणारी मधली शिवण जन्माआधीच बंद झाली. त्यामुळे डोकं बाजूंना रुंद होऊ शकत नाही. मग ते वाट मिळेल तिकडे, म्हणजे पुढे आणि मागे, वाढत सुटतं. वरून पाहिलं की होडी दिसते. हे प्रथम माझ्या लक्षात आलं, यात माझी हुशारी काही नाही. मोजमापाची यंत्रं बरोबर मोजतात की नाही हे तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी पगार घेते. बाळाला न्हाऊ घालतानाही माझा हात मोजतच असतो. मी कॅलिपर, म्हणजे माप घ्यायचा चिमटा, घरी आणला, स्पिरिटने पुसला, त्याच्या टोकांना कापूस लावला आणि साहेबांची लांबी-रुंदी घेतली. सासूबाई दारात उभ्या होत्या. "अगं, पोर आहे ते, नटबोल्ट नव्हे!" म्हणाल्या. सासऱ्यांनी (ते आयुष्यभर शाळेची बस चालवत होते, त्यामुळे कितीही गोंगाट झाला तरी मान वळवत नाहीत) वर्तमानपत्रामागूनच निकाल दिला, "आमच्या घराण्याचं डोकं आहे ते. लांबच असतं."

इथे मी चूक केली. 'घराण्याचं डोकं' हे विधान तपासता येण्याजोगं आहे, असं मला वाटलं. मी घरातल्या सगळ्यांना ओळीने खुर्चीत बसवलं आणि मोजलं. सासऱ्यांचं डोकं अगदी सर्वसाधारण निघालं, सासूबाईंचं जवळपास गोल, आणि मी मनातल्या मनात अहवाल लिहायला घेतला. मग नवऱ्याची पाळी आली. त्याच्या रुंदीला लांबीने भागून आलेला आकडा बाळाच्या आकड्याला जाऊन भिडला. मी पुन्हा मोजलं, कॅलिपर बदलून मोजलं, त्याचे केस ओले करून चापून बसवले आणि मोजलं. तेच. आत्या, मोजमापाने मला असं तोंडघशी कधी पाडलं नव्हतं. सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. "बघ! ह्याचं काही अडलं का? शिकला, नोकरी लागली, लग्नसुद्धा झालं!" (लग्न माझ्याशीच झालेलं असल्यामुळे मला यावर फारसं बोलता येईना.) त्या दिवसापासून रोज तेल लावून डोकं दोन्ही बाजूंनी हळूहळू चोळायचं आणि बाळ मोठं व्हायची वाट पाहायची, असा ठराव घरात एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे, माझं मत धरलं नाही.

मी वाट पाहणार नव्हते. सगळ्यांना गाडीत घातलं आणि सर्जनबाईंकडे नेलं. बाई कमी बोलतात, हे मला आवडलं. त्यांनी बाळाचं डोकं चाचपलं, मग न बोलता सासूबाईंचं बोट धरून टाळूवरून मागे फिरवलं. तिथे बंद शिवणीवर हाडाचा उंचवटा लागतो, वळ उठल्यासारखा. सासूबाईंनी तिथे पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिलं. पण लगेच म्हणाल्या, "आणि ह्याचं हो?" तेव्हा बाईंनी माझ्या नवऱ्याला लहान मुलांच्या तपासणीच्या टेबलावर बसवलं (टेबलाला सशांची चादर होती) आणि तेच बोट त्याच्या डोक्यावरून फिरवलं. उंचवटा नाही. ह्यांचं डोकं नुसतं लांब आहे, बंद नाही, असं बाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून ही गोष्ट मला प्रथमच अधिकृतपणे कळली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. डोक्यावर दोन लहान छेद, साधारण अंगठ्याच्या रुंदीचे. त्यांतून कॅमेरा लावलेली बारीक नळी आत जाते, आणि बंद शिवणीच्या जागची हाडाची पट्टी काढून घेतात. काम तासाभराचं, एखाद-दुसरी रात्र दवाखान्यात. रक्तस्रावाचा धोका असतो, तो लहान आहे पण शून्य नाही. (शून्य म्हणाल्या असत्या, तर मी दुसरा डॉक्टर शोधला असता.) मात्र हे हाड पातळ आहे तोवरच जमतं. साहेब आता अडीच महिन्यांचे आहेत. आणखी दोनेक महिने तेल चोळत बसलो, तर हा मार्ग बंद होईल आणि कानापासून कानापर्यंत डोकं उघडण्याची मोठी शस्त्रक्रिया उरेल. म्हणून मी तिथेच तारीख घेतली. आणि एक गोष्ट शेवटची: पट्टी काढल्यावर डोक्याला वळण लावायला मापाचं हेल्मेट, दिवसाचे तेवीस तास, कित्येक महिने.

शस्त्रक्रियेला सासूबाई कशाबशा तयार झाल्या. हेल्मेटला नाही. "लेकराचं डोकं रात्रंदिवस कोंडायचं? मी नाही बाई." आता यातली अडचण बघ. शस्त्रक्रियेला माझी आणि नवऱ्याची सही पुरते; पण मी कामावर रुजू झाले की दिवसभर बाळ त्यांच्यापाशी. ते जरा कुरकुरलं की त्या हेल्मेट काढणार, दया येऊन काढणार, आणि डोकं पुन्हा आपल्या वाटेने जाणार. म्हणजे खरी संमती त्यांचीच हवी होती. मी आलेख काढून दाखवला. त्यांनी त्यावर भाजी निवडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे चहाला आले ते स्कूटरचं हेल्मेट घालून. (स्कूटरवर त्यांनी ते आजवर कधी घातलेलं नाही.) "तेवीस तास म्हणाली ना डॉक्टरीण? बघू काय होतंय ते." इतकंच बोलले आणि काच वर करून चहा प्यायले. मग दिवसभर ते तसेच. वर्तमानपत्र वाचलं, झाडांना पाणी घातलं, काच खाली करून कांदे चिरले आणि डोळ्यांतून टिपूस आलं नाही. कुरियरवाल्याने दारात विचारलं, "काका, बाहेर निघालात का?" तर म्हणाले, "नाही, घरीच आहे उद्यापर्यंत." तो सही न घेताच गेला. दुपारी मात्र ते मऊ पडले. कान खाजतोय म्हणाले, पट्टा सोडायला हात वर नेला. आणि सासूबाई कडाडल्या, "हात खाली! तास संध्याकाळचा ठरलाय. आत्ता सोडलंत तर फुकट गेलं ना सगळं?" संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः त्यांचं हेल्मेट उतरवलं, डोकं पुसलं, कानामागे लाल वळ दिसला तिथे बोट लावून पाहिलं, आतला घाम टिपला आणि तास भरताच पुन्हा पट्टा आवळला. रात्री सासऱ्यांचं घोरणं हेल्मेटच्या आतच घुमत राहिलं, त्यामुळे सासूबाईंना कित्येक वर्षांनी सलग झोप लागली. सकाळी उठल्या आणि मला म्हणाल्या, "तुला जमायचं नाही ते. हेल्मेटचं माझ्याकडे राहू दे."

सासऱ्यांनी हे ठरवून केलं का, ते मी विचारलं नाही. बसभर पोरांना रोज शाळेत पोचवलेल्या माणसाला बहुधा ठाऊक असतं, कोणाला काय सांगायचं नाही ते.

तर आता सगळं मार्गी लागलं आहे. कागदपत्रं नवरा बघतो, हेल्मेट सासूबाई, गाडी सासरे. काळजी करण्यासारखं काही उरलेलं नाही. तुला केवळ माहिती असावी म्हणून लिहिलं. काकांना आणि तुला पुन्हा नमस्कार, आणि त्या दोन आकड्यांची वाट पाहते आहे.

तुझी भाची

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत आईने बाळ न्यायचं आणि तिथे सिस्टरच्या हातात द्यायचं, अशी पद्धत आहे. मी घरी उशी घेऊन सराव केला. नवरा सिस्टर झाला होता. उशी माझ्या हातून सुटेना. शेवटी त्याने ती ओढून घेतली. आता या घरातली सगळी माणसं खंबीर आहेत, तिथे कोणी रडणार नाही, आणि चारचौघांत मला रडता येत नाही हे तुला माहीत आहे. तू मात्र माझी जुनी सायकल विकली तेव्हाही फाटकाशी उभी राहून रडली होतीस. तर गुरुवारी तू माझ्या शेजारी उभी राहा आणि दार आलं की सुरू कर. तुला सावरायला मला दोन्ही हात लागतात. मग बाळ सिस्टरकडे द्यावंच लागेल.

ता. क. २. यायला नाही जमलं तरी काही अडणार नाही. (हे वाक्य सभ्यता म्हणून लिहिलं आहे. बुधवारची सकाळची गाडी पकड.)