पेणच्या मॅटवर मी नसताना

८ जानेवारी

मैनाने माझी सात नंबरची जर्सी घातली!

रात्री पावणेबाराला स्टोरी टाकलीय. ग्राउंडवर लाईट लावून प्रॅक्टिस चाललीय, पेणच्या स्पर्धेची. पाठीवर सात. मागे कुणीतरी काहीतरी बोलतं आणि सगळ्या खो खो हसतात. काय बोललं? कोण बोललं? पंधरा सेकंदांत काही कळत नाही. किती वेळा बघितली ते लिहीत नाही. लाज वाटते.

ग्राउंड इथून लांब पण नाही. देवळामागे. आमच्या कोच सरांची शिट्टी मला खिडकीतून ऐकू येते. पाच वर्षं मी या कबड्डी संघाची कॅप्टन आणि आता माहेरी, वळ गावात, मागच्या खोलीत, शून्याच्या दिव्याखाली, कानाला ओढणी बांधून बसलेय. मांडीवर तीन आठवड्यांची पोर. ती दूध पिते आणि मी दुसऱ्या हाताने स्टोऱ्या बघते. टाके अजून ओढतात. डॉक्टर म्हणाल्या, सहा महिने ग्राउंडचं नाव काढायचं नाही.

आई म्हणते, "ठेव तो मोबाईल! बालंतिनीचं डोलं लय नाजूक असतात गो पूर्वी."

बाळ गोड आहे. फार गोड आहे. हे पण लिहून ठेवते, नाहीतर ही डायरी वाचून कुणाला वाटेल मला बाळ नकोच होतं. तसं नाहीये. मला दोन्ही हवंय. एकाच वेळी!

१० जानेवारी

इन्स्टाग्राम काढून टाकलं. बास! संपला विषय.

(त्याच रात्री)

परत घातलं. पासवर्ड आठवेना म्हणून धनेशला फोन केला. तो मानकोलीला गोडाऊनमध्ये नाईट ड्युटीवर. पहिल्या रिंगला उचलला — "काय झालं? बाळ बरं आहे ना?"

"बाळ बरं आहे. माझा इन्स्टाचा पासवर्ड काय होता?"

बराच वेळ नुसता हसत होता. मागे फोर्कलिफ्ट पीं पीं करतेय आणि हा हसतोय. मग म्हणाला, "तुझ्या पहिल्या ट्रॉफीची तारीख." नवरा चांगला मिळाला. मला स्वतःला आठवत नव्हतं!

१२ जानेवारी

नवीन उपाय. रात्री फोन आईकडे द्यायचा, सकाळी घ्यायचा.

आईने तो उशीखाली ठेवला आणि घोरायला लागली. एक वाजता बाळ उठलं. पाजलं. ढेकर काढला. बाळ झोपलं, मी जागीच. फोन नाही तर डोक्यातच स्टोऱ्या चालू झाल्या! त्या सगळ्या मैनाच्या गच्चीवर बसल्यात. मांदेली तळलीत. नवीन कॅप्टन कोण ते ठरतंय. कुणीतरी म्हणतंय, पूर्वीताई काय आता परत येत नाही. खऱ्या स्टोऱ्या बऱ्या होत्या की! त्यात निदान एवढं वाईट काही नसायचं.

शेवटी हळूच आईच्या उशीखाली हात घातला. डोळे न उघडता म्हणाली, "माझ्याच घरात चोरी करतस गो?"

इतकं हसलो दोघी की टाके दुखले. फोन मिळाला. गच्चीवर कुणीच नव्हतं. सगळ्या आपापल्या घरी झोपल्या होत्या.

१५ जानेवारी

आज आल्या सगळ्या! पेणला निघायच्या आधी, बाळाला बघायला. आईने दारातच अडवलं — "आधी हात धुवा, मग आत." मनोज सर पण आले. हात धुऊन रांगेत उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे.

मैनाने बाळ घेतलं. एकोणीस वर्षांची आहे, समोरच्या रेडरला उचलून बाहेर टाकते, आणि बाळ घेताना आधी खाली मांडी घालून बसली. म्हणाली, "ताई, जर्सीचं वाईट नाही ना वाटलं? सरांनीच दिली."

"वेडी आहेस का? कपाटात ठेवून काय करणार होते!"

खोटं बोलले. चांगलं खोटं.

मग जीपचा हॉर्न वाजला आणि पाच मिनिटांत खोली रिकामी. फक्त त्या दुखऱ्या गुडघ्यावर मारायच्या स्प्रेचा वास राहिला मागे. मी त्या वासात बसून राहिले. आई खिडकी उघडायला आली, मी म्हटलं, "राहू दे थोडा वेळ." तिने खिडकी तशीच ठेवली.

आज देवळामागे शिट्टी नाही. लाईट नाही. नुसता हायवेच्या ट्रकांचा आवाज.

१६ जानेवारी

झोप येत नाहीये. लिहिते सगळं!

पहिली मॅच लाईव्ह दाखवत होते. रात्री अकरानंतर सुरू झाली. आवाज बंद करून, फोन उशीला टेकवून, बाळ मांडीवर. ठरवलं होतं — फक्त बघायचं. त्रास करून घ्यायचा नाही.

मैना पहिल्या चढाईत पकडली गेली. दुसऱ्या चढाईत पण. त्यांची डाव्या कोपऱ्यातली उंच मुलगी, ती घोटाच धरते! तिसऱ्यांदा मैना परत तिच्याच बाजूला गेली आणि परत घोटा. हाफ टाइमला आपण सहा गुणांनी मागे.

आणि मला दिसलं ना! मी मॅटवर असते तर मला कधीच दिसलं नसतं. वरून, लांबून, कॅमेऱ्यातून दिसलं. ती उंच मुलगी पकडायच्या आधी शेजारणीचा हात सोडते. प्रत्येक वेळी! हात सुटला की समजायचं, आता ती पायात येणार.

विचार न करता सरांना व्हॉइस नोट पाठवली. बाळ उठू नये म्हणून एकदम हळू — "सर, मैनाला सांगा तिच्या पायाकडे नको, हाताकडे बघ. हात सुटला की लगेच मागे उडी."

निळी खूण झाली. सर कॅमेऱ्यात दिसत होते. फोन कानाला लावला, मैनाला जवळ ओढलं, तिच्या कानाला लावला. माझा आवाज! पेणला, मैनाच्या कानात!

दुसऱ्या हाफमध्ये हात सुटला — मैना मागे उडाली — उंच मुलगी आपटली तोंडावर. आणि मग काय! दोन गुणांनी जिंकलो! दोन!

मी ओरडले. बाळ उठलं नाही. आई उठली. "काय झालं? चोर?"

"आई, जिंकलो!"

"आनि कानाची ओढनी कुठं गेली?"

१७ जानेवारी

आज सरांचाच फोन, मॅचच्या आधी. "पूर्वी, जागी आहेस ना?" मी म्हटलं, सर, मी महिनाभर जागीच आहे!

आज दोन मॅच. आई पण बसली बघायला. आधी म्हणाली, पाच मिनिटं बसते, मग मांडी ठोकून माझ्यापेक्षा पुढे! "ती लाल कपड्याची आपली का? मग पकड ना गो तिला! बघतस काय नुसती!" आई आयुष्यात एकदा पण माझी मॅच बघायला आली नव्हती. घरी कोण बघणार, म्हणायची.

मधेच बाळ रडायला लागलं. पाजून झालं, खांद्यावर टाकून झालं, गप्प होईना. माझे डोळे फोनवर, आणि तोंडातून आपोआप मैनाच्या चढाईबरोबर सुरू झालं — कबड्डीकबड्डीकबड्डी — एका दमात, पुटपुटत. बाळ गप्प! टक लावून माझ्या तोंडाकडे बघतंय. दुसऱ्या चढाईला झोपलं पण. आई म्हणाली, "अंगाई गातात लोकं." पण हसत होती.

दोन्ही मॅच जिंकलो. आज पाच व्हॉइस नोटा पाठवल्या. उद्या सेमी फायनल! मी घरात नाहीच आहे. मी पेणला आहे!

१८ जानेवारी

सेमी फायनल जिंकलो. एका गुणाने.

आणि मला रडू येतंय.

आज मी फारच बोलले. प्रत्येक टाइम आउटला नोट. मैना उजवीकडून जा. मैना बोनस घे. मैना बोनस नको. शेवटची चढाई तिची होती, बरोबरीत सामना, आणि ती मॅटच्या मधोमध उभीच राहिली. एक सेकंद, दोन सेकंद. मी इथे ओरडतेय, हल ना, हल! मग कसाबसा एका बोटाचा स्पर्श करून आली.

एक वाजता तिचा फोन. मला वाटलं आनंदाने केलाय.

"ताई, रागावू नकोस." दमलेला आवाज. "तुझा आवाज कानात राहतो. मॅटवर गेल्यावर पण राहतो. समोर मुलगी असते आणि मी विचार करते, ताई काय म्हणाली होती? मग पाय हलतच नाही."

मी म्हटलं, "अगं, मी तुझ्या भल्यासाठीच—"

"माहीत आहे. पण उद्या हरले तर मला माझ्या चुकीने हरायचंय."

फोन ठेवल्यावर राग आला. अगदी खरा राग. काल आलेली पोर! मग बाळाला पाजायला घेतलं आणि राग कुठे टिकतोय. एवढंसं तोंड उघडून शोधत असतं.

मी एकोणीसची होते तेव्हा मला असं कुणी रोज कानात बोललं असतं तर? मी फोन विहिरीत टाकला असता.

१९ जानेवारी (दुपारी)

मैनाला मेसेज केला — आज माझी एक पण नोट येणार नाही. तू खेळ. मी फक्त बघणार, बाकीच्या लोकांसारखी.

तिने एक पण शब्द लिहिला नाही. नुसते हार्टचे इमोजी, एक पूर्ण ओळ.

सरांना पण सांगितलं. ते म्हणाले, "नक्की?" मी नक्की म्हटलं, आणि लगेच वाटलं, सर, एकच सांगते, त्यांची मधली मुलगी... पण नाही! जीभ दाबून धरली. बोलायचं नसेल तर बघायची भीती जास्त वाटते. काल निदान हातात काहीतरी होतं.

धनेशने रजा टाकली! संध्याकाळी येतोय, येताना फोनचा स्टँड आणतोय. फायनल साडेअकराला. आईने दुपारीच स्वयंपाक उरकलाय. चहा थर्मासमध्ये भरून ठेवणार म्हणते. गल्लीतल्या दोघी-तिघी बायका पण येऊ का विचारून गेल्या. आमच्याकडे लग्न आहे असं वाटतंय!

बाळाच्या त्याच त्या लंगोटांच्या तीनदा घड्या घातल्या.

सरळ बसवत नाही. कधी होतात साडेअकरा!

२० जानेवारी

मी झोपले!!!

दहाला जेवले, बाळाला पाजलं, धनेशच्या मांडीवर दिलं, म्हटलं पाठ जरा टेकते. डोळे उघडले तर खिडकीत ऊन!

आई सांगते, गल्लीतल्या सगळ्या आल्या होत्या, पुढच्या खोलीत बसून मॅच बघितली. ओरडल्या पण. मी हलले नाही. मध्ये बाळाला माझ्याजवळ आणलं तर डोळे मिटूनच पाजलं म्हणे. मला काहीच आठवत नाही!

"उठवलं का नाही?"

आई म्हणाली, "महिन्याने झोपलीस. मी कशाला उठवीन?"

फोन बघितला. मैनाचा मेसेज, रात्री सव्वाबाराचा. "ताई जिंकलो!!! हाफ टाइमला मागे होतो. सर गप्प. मग मीच बोलले सगळ्यांशी. मी!! तू बघितलंस ना?"

मी थांबले. म्हटलं, आता येईल. ती छातीतली कळ, रोज रात्री यायची ती. बघितलं नाही, मी नव्हते, माझ्याशिवाय झालं, हे सगळं. वाट बघितली. आली नाही. भूक लागली होती, आणि मैनाचा मेसेज परत वाचावासा वाटत होता.

तिला लिहिलं — नाही गं, झोपले होते. तू सांग मला. पहिल्यापासून.

धनेश उत्साहाने सांगायला लागला, "अगं, शेवटच्या चढाईत तिने—" मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

मुली दुपारी येतायत. त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. तोवर अजून थोडं झोपते.